लॅपटॉपची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की नाही? पैसे देण्याआधी हा हिशोब करा

लॅपटॉप ठरला, घासाघीस करून किंमतही ठरली. आता बिल करायचं, तेवढ्यात काउंटरवरचा माणूस हमखास विचारतो, "वॉरंटी वाढवून घेताय ना? फक्त सहा हजारात पुढची दोन वर्षं टेन्शन नाही!" ऑनलाइन घेत असाल तर हाच प्रश्न 'कम्प्लीट प्रोटेक्शन' नावाच्या एका छोट्या चौकोनातून विचारला जातो.

पन्नास हजार देतोच आहोत, तिथे आणखी सहा हजारांनी काय होतंय, असं म्हणून काहीजण हो म्हणतात. काहीजण "हे सगळं लुबाडायचं काम आहे" म्हणून सरळ नाही म्हणतात. गंमत म्हणजे दोघांनीही योजनेत नेमकं काय आहे ते वाचलेलं नसतं.

सहा हजार ही काही छोटी रक्कम नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दोनेक महिन्यांचा मेसचा खर्च त्यात निघतो. पण शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात मदरबोर्ड गेला आणि हातात पैसे नसतील, तर तेही परवडणारं नाही. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊया.

## आधी तीन वेगळ्या गोष्टी ओळखा

दुकानात सगळ्यालाच 'वॉरंटी' म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगळ्या असतात.

१. मूळ वॉरंटी. लॅपटॉपसोबत कंपनीकडून मिळते. घरगुती वापराच्या बहुतेक लॅपटॉपवर ती १ वर्षाची असते, ऑफिससाठी बनवलेल्या काही मॉडेलवर ३ वर्षांचीही असते. बनावटीतला दोष किंवा आपोआप झालेला बिघाड यात दुरुस्त करून मिळतो. आपल्या हातून झालेलं नुकसान यात येत नाही.

२. एक्स्टेंडेड वॉरंटी. ही मूळ वॉरंटीचीच पुढची मुदत. म्हणजे अटी साधारण त्याच, फक्त काळ जास्त. पहिल्या वर्षी लॅपटॉप पडून स्क्रीन फुटली तर जे उत्तर मिळालं असतं, तेच तिसऱ्या वर्षीही मिळणार: "हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही."

३. ॲक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन. पडणं, पाणी सांडणं, स्क्रीन तडकणं, विजेच्या झटक्याने बोर्ड जळणं अशा अपघाती नुकसानासाठीची ही वेगळी योजना. किंमतही वेगळी आणि अटीही वेगळ्या. चोरी यात बहुतेक वेळा नसते.

आता स्वतःलाच विचारा, लॅपटॉपबद्दल तुम्हाला कसली भीती वाटते? बहुतेकांची उत्तरं ठरलेली असतात: बॅगेतून पडेल, चहा सांडेल, स्क्रीन फुटेल, दोन वर्षांत बॅटरी बसेल. यातलं जवळपास काहीच साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत येत नाही! पडणं, सांडणं आणि फुटणं हे तिसऱ्या प्रकारात मोडतं. बॅटरीला तर बहुतेक कंपन्या 'वापराने झिजणारा भाग' मानतात. तिची वॉरंटी साधारण १ वर्षच असते आणि बाकी लॅपटॉपची मुदत वाढवली तरी बॅटरीची वाढतेच असं नाही. काही कंपन्या बॅटरीसाठी वेगळी योजना विकतात. ॲपलचं ॲपलकेअर प्लस हा थोडा वेगळा प्रकार आहे. बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली तर त्यात ती बदलून मिळते आणि अपघाती नुकसानही येतं. मात्र अशा प्रत्येक अपघाती दुरुस्तीला ठरलेली फी भरावी लागते.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, "यात पडलं-सांडलं येतं का?" उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही फक्त आपोआप होणाऱ्या बिघाडासाठी पैसे देताय.

## लॅपटॉप आपोआप कधी बिघडतो?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बिघाड सगळ्या वर्षांत सारखा नसतो. इंजिनिअर लोक यासाठी 'बाथटब कर्व्ह' नावाचा आलेख सांगतात. आंघोळीच्या टबसारखा त्याचा आकार असतो: सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा उंच.

सुरुवातीला उंच, कारण कारखान्यातच काही दोष राहिला असेल तर तो पहिल्या काही महिन्यांत उघड होतो. हा काळ मूळ वॉरंटीत निघून जातो. मधली काही वर्षं बिघाड कमी असतात. मग पंखा, बिजागरी, बॅटरी असे भाग झिजायला लागतात आणि आलेख पुन्हा वर चढतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी विकली जाते. नीट सांभाळलेल्या लॅपटॉपसाठी हा बऱ्याचदा त्या टबाचा सपाट भाग असतो. म्हणजे ज्या काळात बिघाडाची शक्यता कमी, त्याच काळाचं संरक्षण आपण विकत घेतो. अर्थात शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे. तासन्‌तास गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग, उन्हाळ्यात पंख्याखाली तापलेली खोली, धूळ, वारंवार जाणारी वीज, यांमुळे हा सपाट भाग लवकर संपतो.

## आता हिशोब: मदरबोर्डच्या किमतीवरून ठरवा

वॉरंटी घ्यायची की नाही हे लॅपटॉपच्या किमतीवरून ठरवू नका. सगळ्यात महागडी दुरुस्ती किती रुपयांची आहे, त्यावरून ठरवा. पद्धत सोपी आहे:

योजनेची किंमत ÷ दुरुस्तीचा खर्च = शक्यता किती असेल तर सौदा बरोबरीत सुटतो

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, खरे आकडे तुमच्या मॉडेलचे घ्या.

समजा लॅपटॉप ५०,००० रुपयांचा आहे आणि दोन वर्षांच्या जादा वॉरंटीचे ६,००० रुपये सांगितलेत.

- मदरबोर्ड बदलायला २०,००० रुपये लागत असतील, तर ६,००० ÷ २०,००० = ३० टक्के. म्हणजे अशा १० लॅपटॉपपैकी ३ लॅपटॉपचे मदरबोर्ड त्या दोन वर्षांत गेले, तरच सगळ्यांचा सौदा बरोबरीत सुटेल.
- स्क्रीन आपोआप खराब झाली आणि खर्च ९,००० असेल, तर ही शक्यता जवळपास ६७ टक्के लागते.
- कीबोर्ड ३,५०० रुपयांत बदलून मिळत असेल, तर तो बिघडला तरी तुमचं नुकसानच. ६,००० आधीच दिलेत ना!

आता दुसरा लॅपटॉप बघा. किंमत १,२०,००० रुपये, ग्राफिक्सवाला. योजना ९,००० रुपयांची आणि मदरबोर्ड ५०,००० रुपयांचा. इथे ९,००० ÷ ५०,००० = १८ टक्के. सौदा पहिल्यापेक्षा बराच बरा झाला.

असं का? महागड्या आणि बारीक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि बऱ्याचदा रॅमसुद्धा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. एक चिप गेली तरी सर्व्हिस सेंटर अख्खा बोर्डच बदलायला सांगतं. जुन्या जाड लॅपटॉपसारखं "रॅम काढली, नवी लावली" इथे चालत नाही. म्हणून लॅपटॉप जितका बारीक, महाग आणि ताकदवान, तितका वॉरंटीचा विचार जास्त गांभीर्याने करा.

खरे आकडे कसे मिळवायचे? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा, मॉडेल नंबर सांगा आणि मदरबोर्ड, स्क्रीन व बॅटरी बदलायचा अंदाजे खर्च विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. मॉडेल अगदी नवीन असेल तर त्याच मालिकेतल्या आधीच्या मॉडेलचा विचारा.

एक गोष्ट आणखी. योजनेच्या किमतीत संभाव्य दुरुस्तीचा खर्च तर असतोच. शिवाय कंपनीचा नफा, विकणाऱ्याचं कमिशन आणि १८ टक्के जीएसटीही त्यातच असतो. त्यामुळे सरासरी ग्राहक जितके भरतो, तितकं परत मिळवत नाही. कोणत्याही विम्याचं असंच असतं. विमा नफ्यासाठी घ्यायचाच नसतो. जो फटका आपल्याला एका वेळी झेपणार नाही, त्याच्यासाठी घ्यायचा असतो. वीस हजारांचा खर्च अचानक आला तर तुमच्या घरी काय होईल, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं.

## मग कोणी घ्यावी?

साधी एक्स्टेंडेड वॉरंटी यांनी विचारात घ्यावी:

- महागडा गेमिंग किंवा ग्राफिक्सचा लॅपटॉप घेणारे.
- सगळं काही बोर्डवरच सोल्डर केलेले बारीक लॅपटॉप घेणारे.
- ज्यांची कमाई लॅपटॉपवर आहे: फ्रीलान्सर, एडिटर, घरून काम करणारे. यांनी 'ऑनसाइट' म्हणजे घरी येऊन दुरुस्त करणारी योजना बघावी.
- लॅपटॉप ४-५ वर्षं वापरायचाच आहे आणि अचानक मोठा खर्च काढणं घरी शक्य नाही, असे विद्यार्थी.

ॲक्सिडेंटल प्रोटेक्शन यांनी विचारात घ्यावं:

- रोज लोकल, एसटी किंवा दुचाकीवरून लॅपटॉप नेणारे.
- हॉस्टेलवर किंवा चार-पाच जणांच्या खोलीत राहणारे.
- घरात लहान मूल आहे आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरच असतो, असे सगळे!

यांना बहुतेक गरज नाही:

- स्वस्तातला लॅपटॉप, साधं काम, वापर घरातच.
- रॅम, एसएसडी, बॅटरी सहज बदलता येते असा लॅपटॉप.
- दोन वर्षांत विकून नवीन घ्यायचा ज्यांचा बेत आहे.
- गरज पडली तर दुरुस्तीचा खर्च बाजूला काढता येईल, असे लोक.

## घ्यायचीच असेल तर हे तपासा

योजना कोणाची आहे? लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची, दुकानाची की तिसऱ्याच कुठल्या कंपनीची? शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीचीच घ्या. दुरुस्ती अधिकृत केंद्रात होते, पार्ट ओरिजिनल मिळतो आणि सिरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर योजना सुरू आहे की नाही ते स्वतः बघता येतं. दुकानाच्या योजनेचा कागद हरवला किंवा दुकानच बंद झालं, तर कुणाकडे जाणार?

'दोन वर्षं' म्हणजे कोणती दोन? मूळ १ वर्ष धरून एकूण दोन, की त्यानंतरची दोन? बिलावर सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा लिहून घ्या.

ऑनसाइट की कॅरी-इन? कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप तुम्हीच केंद्रात न्यायचा. पुण्या-मुंबईत ठीक आहे. पण तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असाल आणि केंद्र शंभर किलोमीटरवर असेल, तर दोन खेपांचा खर्च आणि बुडालेले दिवसही हिशोबात धरा. ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडवर ती सेवा मिळते का, तेही विचारा.

घसारा कापतात का? काही योजनांमध्ये लॅपटॉप जुना झाला म्हणून रकमेतून काही टक्के कापतात, शिवाय प्रत्येक क्लेमला वेगळी फी लावतात. दुरुस्ती शक्य नसेल तर काय मिळणार, पैसे, नवीन लॅपटॉप की त्याच दुकानाचं व्हाउचर, हेही बघा.

किती क्लेम? अपघाती नुकसानाच्या योजनेत वर्षाला एकच क्लेम अशी अट असू शकते.

डेटा? कोणतीच साधी वॉरंटी तुमचे फोटो आणि फाइल परत देत नाही. मदरबोर्डसोबत सोल्डर केलेली एसएसडी गेली तर सगळं गेलं. बॅकअप ही तुमचीच जबाबदारी.

## ऑनलाइन घेताना आधीच टिक केलेला चौकोन बघा

काही साइटवर प्रोटेक्शन प्लॅन नकळत कार्टमध्ये जातो आणि ईएमआयवर घेतलं तर लक्षातही येत नाही, कारण हप्ता फक्त दोनशे-तीनशेने वाढलेला असतो. पैसे भरण्याआधी एकूण रकमेची प्रत्येक ओळ वाचा.

तुमची परवानगी न घेता कार्टमध्ये असं काही टाकणं नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक नियम काढले. त्यात १३ प्रकार सांगितलेत. गुपचूप वस्तू टाकण्याला तिथे 'बास्केट स्नीकिंग' म्हटलंय. आणि 'नाही, मला माझ्या लॅपटॉपची काळजी नाही' असं बटण ठेवून तुम्हाला लाजवणं म्हणजे 'कन्फर्म शेमिंग'. असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

## घेतली नाही तर काय करायचं?

वॉरंटी नको म्हटलं म्हणजे काम संपलं असं नाही. तीन गोष्टी करा.

१. स्वतःची वॉरंटी सुरू करा. महिना २५० रुपये वेगळे ठेवा, आरडी असो की वेगळं खातं. २४ महिन्यांत ६,००० होतात. काही बिघडलं तर त्यातून दुरुस्ती, नाही बिघडलं तर पैसे तुमचेच. मदरबोर्ड गेला तर एवढ्यात भागणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा. बोर्ड चिप पातळीवर दुरुस्त करणारे लोक मुंबईत लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत सापडतात आणि पूर्ण बोर्ड बदलण्यापेक्षा त्यांचा खर्च बराच कमी येतो. पण केलेल्या कामाची हमी लेखी घ्या.

२. अकराव्या महिन्यात पूर्ण तपासणी करा. मोबाइलमध्ये आत्ताच रिमाइंडर लावा. त्या दिवशी सगळी बटणं, सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, स्पीकर, चार्जर, बिजागरी आणि बॅटरी तपासा. पंखा आवाज करतोय का, स्क्रीनवर ठिपके आहेत का ते बघा. काही खटकलं तर लगेच तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुदतीत नोंदवलेली तक्रार कामाला येते. "तेव्हापासूनच होतं" असं नंतर सांगून काही उपयोग नसतो.

३. वॉरंटीची तारीख जुळवून घ्या. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकल्यावर कधीकधी वॉरंटी तुमच्या खरेदीच्या आधीपासूनच सुरू झालेली दिसते, कारण माल कारखान्यातून निघाल्याची तारीख तिथे असते. बिल अपलोड केलं की बहुतेक कंपन्या ती दुरुस्त करतात. फुकटात वाढणारे हे महिने सोडू नका.

## क्लेम नाकारला तर?

'लिक्विड डॅमेज आहे' म्हणून लॅपटॉप परत दिला, तर तोंडी उत्तरावर विश्वास ठेवून घरी येऊ नका. नाकारल्याचं कारण ईमेलवर किंवा जॉबशीटवर लेखी मागा, फोटो मागा. लॅपटॉप देतानाही चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, तिथे मराठीतूनही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार चालते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वॉरंटी लॅपटॉपसोबतच घ्यावी लागते का?
बहुतेक वेळा नाही. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत अनेक कंपन्या ती वाढवू देतात. त्यामुळे काही महिने वापरून बघून ठरवता येतं. अपघाती नुकसानाच्या योजनेची मुदत मात्र बऱ्याचदा कमी असते, त्यामुळे ती खरेदीच्याच आठवड्यात तपासा.

रॅम किंवा एसएसडी वाढवली तर वॉरंटी जाते का?
अनेक मॉडेलवर कंपनीच ही परवानगी देते, पण उघडताना काही तुटलं तर ते तुमच्या माथी. सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा किंवा त्यांच्याकडूनच बसवून घ्या.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपला इथे वॉरंटी चालते का?
कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून आहे. सगळ्यांची वॉरंटी जगभर चालत नाही. आणण्याआधी सिरियल नंबर टाकून तपासा आणि बिल जपून ठेवा.

मोबाइललाही हाच नियम?
हो. फोनमध्ये सगळ्यात जास्त भीती स्क्रीन फुटायची असते, म्हणून तिथेही 'पडलं तर येतं का?' हा पहिला प्रश्न. मग स्क्रीनची किंमत काढा आणि वरचाच भागाकार करा.

## शेवटी एवढंच

पुढच्या वेळी कोणी वॉरंटी विकायला आलं, तर तीन प्रश्न विचारा. यात पडलं-सांडलं येतं का? योजना लॅपटॉपच्या कंपनीचीच आहे का? आणि आजच घ्यावी लागेल, की मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कधीही' असेल, तर घाई कशाला? घरी या, सर्व्हिस सेंटरला फोन करा, भागाकार करा आणि मग ठरवा. लॅपटॉप घेताना जसे चार ठिकाणी भाव विचारलेत, तसा या सहा हजारांचाही विचार व्हायलाच हवा.